दीपावलीचा परिमळ आणि घरचे हात

कोजागरी सरते आणि आश्विनाचा वद्य पक्ष लागतो. पहाटेच्या वाऱ्याला किंचित धार येते, देवळांतून काकड आरतीचे सूर उठू लागतात आणि गल्लीबोळांतून एक निराळाच वास हिंडू लागतो. कोणाच्या घरी चकलीची भाजणी भाजली जात असते, कोठे बेसन तुपावर परतले जात असते, कोठे वेलदोडे कुटले जात असतात, तर कोठे अंगणात नुकत्याच लावलेल्या गेरूचा ओला गंध रेंगाळत असतो. वसुबारस जवळ आली हे गृहस्थास पंचांग उघडण्यापूर्वीच कळते. दिवे डोळ्यांना दिसण्याआधी आणि फटाके कानी पडण्याआधी दीपावली नाकावाटे घरात शिरते.

या परिमळाविषयी आज चार शब्द लिहावे असे आमच्या मनात आहे. विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु गेली काही वर्षे कीर्तन आटोपल्यावर नमस्कारास येणारी मंडळी आम्हांस एक वाक्य वारंवार ऐकवितात, “बुवा, दिवाळी आता पूर्वीसारखी वाटत नाही.” हे केवळ वृद्ध म्हणत नाहीत, तिशी-पस्तिशीतले कर्ते स्त्रीपुरुषही म्हणतात. त्यांच्या घरी दिव्यांच्या माळा पूर्वीपेक्षा अधिक आहेत, वस्त्रे नवी आहेत, गोडधोडाला तोटा नाही. मग उणे काय आहे? या प्रश्नाचा विचार करता करता आम्ही ज्या ठिकाणी येऊन पोहोचलो, ते ठिकाण म्हणजे घरात दरवळणारा वास आणि तो निर्माण करणारे हात.

आपल्या शास्त्रकारांनी गंधास मोठे मानाचे स्थान दिले आहे. न्याय आणि वैशेषिक ही दर्शने सांगतात की पंचमहाभूतांपैकी पृथ्वीचा विशेष गुण गंध होय. जल, तेज, वायू व आकाश यांच्या ठायी तो स्वभावतः नाही. वाऱ्यावर जो गंध येतो तो पृथ्वीच्या कणांचा. भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूती सांगताना पृथ्वीतील पवित्र गंध तो मी, असे म्हटले आहे. देवपूजेचे पाच उपचार आठवून पाहावे : गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य. यांतील पहिले तिन्ही घ्राणाचेच विषय आहेत आणि नैवेद्याचाही सुगंधच आधी पोहोचतो. म्हणूनच परडीतील फूल हुंगणाऱ्या मुलास आजी दटावीत असे की, वास घेऊ नकोस, ते देवाला जायचे आहे. नैवेद्य दाखविण्यापूर्वी पोळीच्या पुरणाकडे किंवा पहिल्या घाण्यातील करंजीकडे पाहत दाराशी उभे राहिलेले बालपण आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवले आहे. हात लावावयाचा नाही, चाखावयाचे नाही. परंतु श्वास कोण अडविणार? त्या अडवलेल्या क्षणांत जे नाकावाटे आत गेले ते पुढे जन्मभर आत राहिले.

ते आत राहते म्हणजे नेमके काय होते, याचा उलगडा संस्कृत भाषेने एका शब्दात केला आहे. तो शब्द म्हणजे ‘वासना’. आज मराठीत या शब्दाला वाईट अर्थ चिकटला आहे. मूळ अर्थ पाहावा तर ‘वास्’ या धातूचा एक अर्थ सुवासित करणे असा आहे. प्राचीन काळी सुगंधी तेल करण्याची एक रीत अशी होती की, तिळांच्या थरांत ताजी फुले पसरून ठेवावयाची. फुले कोमेजली की ती काढून नवी घालावयाची. असे काही वेळा केले म्हणजे तिळांत फुलांचा गंध मुरतो आणि ते घाण्यात घातले असता सुवासिक तेल मिळते. फूल तर केव्हाच निर्माल्य झालेले असते. तिळाने मात्र त्याला धरून ठेवलेले असते. दार्शनिकांनी हाच दृष्टांत चित्ताला लावला. अनुभव येतो आणि जातो. चित्तात त्याचा जो अंश मुरून राहतो ती वासना. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात संस्काराचा जो ‘भावना’ नावाचा प्रकार सांगितला आहे तोही हाच : अनुभवातून जन्मणारा आणि पुढे स्मृतीला कारण होणारा. गीतेच्या पंधराव्या अध्यायात तर जीव एका देहातून दुसऱ्या देहात जाताना इंद्रिये व मन बरोबर कसे नेतो हे सांगण्यास वाऱ्याने फुलांतून गंध उचलून न्यावा, हीच उपमा योजली आहे. आपल्या साध्या मराठीतही ‘वास’ म्हणजे गंध आणि ‘वास’ म्हणजे वस्ती. जो गंध आपल्यात वस्ती करितो, त्याचे नाव आठवण.

कालिदासाने शाकुंतलाच्या पाचव्या अंकात दुष्यंताच्या तोंडून सांगितले आहे की, रम्य वस्तू पाहून आणि मधुर शब्द ऐकून सुखी माणूसही अकारण हुरहुरतो, कारण जन्मांतरीचे स्नेह त्याच्या नकळत जागे होतात. कवीने तेथे डोळा आणि कान यांचा उल्लेख केला. आमच्यासारखा संसारी श्रोता त्यात नाकाची भर घालू इच्छितो. अर्वाचीन विज्ञानही आता या अनुभवाकडे आदराने पाहते. गंध ओळखणाऱ्या ग्राहकांच्या जनुकांचा शोध १९९१ साली प्रसिद्ध करणारे रिचर्ड ॲक्सल व लिंडा बक या अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांस २००४ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. दृष्टी व श्रवण यांच्या संवेदनांना मेंदूत जे मधले ठाणे गाठावे लागते, ते गंधाला प्रथम गाठावे लागत नाही. भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित असलेल्या भागांशी त्याचा संबंध फार जवळचा आहे, असे शरीरशास्त्र सांगते. छायाचित्र पाहून आई आठवते ती डोळ्यांसमोर उभी राहते. जुन्या लुगड्याच्या घडीतून आलेल्या वासाने आई आठवते ती जवळ येऊन बसते. हा भेद ज्याने अनुभवला त्यास प्रमाण देण्याची गरज नाही.

आता दीपावलीकडे वळू. पहिली आंघोळ म्हणजे नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान. आमच्या पंढरीचे थोर धर्मशास्त्री काशीनाथ उपाध्ये, ज्यांना लोक आदराने बाबा पाध्ये म्हणत, त्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘धर्मसिंधु’ रचला. या व्रतांच्या निर्णयासाठी आजही आम्ही त्यांच्याच ग्रंथाकडे वळतो. चतुर्दशीच्या पहाटे, सूर्योदयापूर्वी, चंद्रोदयाच्या वेळी तिळाचे तेल लावून स्नान करावे आणि स्नानात अपामार्ग म्हणजे आघाडा अंगावरून फिरवावा, असा विधी सांगितला आहे. त्या दिवशी तेलात लक्ष्मीचा आणि पाण्यात गंगेचा वास असतो, ही धर्मशास्त्राची भावना किती मनोहर आहे! लक्ष्मीपूजन तर दुसऱ्या दिवशीचे. लक्ष्मी आदल्या पहाटेच येते, आणि ती तिजोरीत न येता आईच्या ओंजळीतील कोमट तेलात येते.

कोकणात आणि गोमंतकात याच पहाटे कारीट डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात. नंतर नव्या भाताच्या पोह्यांचे नाना प्रकार ताटात येतात. दडपे पोहे, गुळाचे पोहे, दुधातले पोहे, ताकातले पोहे. आधी कडू, मग उटण्याचा सुवास, मग नव्या धान्याचा गंध, असा तो क्रम आहे. देशावर कारीट कमी, परंतु तांब्याच्या बंबाखाली पेटलेल्या लाकडांचा धूर, त्यात मिसळलेला तेलाचा वास आणि ओल्या अंगाला ओवाळताना निरांजनाच्या तुपाचा वास, हे त्रिकूट आमच्या पिढीच्या कोणत्याही माणसाला पुरेसे आहे. डोळे मिटले की तो सात वर्षांचा होतो आणि त्याच्या पाठीवर कोणाचे तरी खरबरीत हात फिरू लागतात.

त्या हातांना जे ज्ञान होते त्याचा गौरव आम्ही शास्त्रीबुवांनी पुरेसा केलेला नाही, असे आम्हांस वाटते. सहाव्या शतकात वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत ‘गंधयुक्ती’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय लिहिला. निरनिराळी सुगंधी द्रव्ये कोणत्या प्रमाणात मिसळली असता कोणता गंध सिद्ध होतो, याचे गणितच त्याने मांडले आहे. चौसष्ट कलांतही गंधयुक्तीची गणना होते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, सोमेश्वराने, ‘मानसोल्लासा’त राजाच्या स्नानासाठी सुगंधी तेले व उटणी वर्णिली. राजाघरची विद्या म्हणून ती ग्रंथात आली. परंतु आश्विनात परसदारी सूप घेऊन बसलेली सामान्य घरातील गृहिणी हीच विद्या ग्रंथावाचून चालवीत होती. नागरमोथा, वाळा, गव्हला, कचोरा, आंबेहळद, अनंतमूळ, चंदनाचा भुगा, सावलीत वाळविलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याची साल, थोडे मसुरीचे पीठ. सगळे उन्हात खडखडीत वाळवावयाचे, कुटावयाचे, वस्त्रगाळ करावयाचे. नागरमोथा किती आणि कचोरा किती, हे तिला तिच्या सासूने मुठीने दाखविलेले असे. म्हणून दोन घरांचे उटणे कधी एका वासाचे नसे. त्या वासावरून घर ओळखता येई. आणि त्यातील नागरमोथा व वाळा ही तर मुळेच. पृथ्वीचा गुण गंध, हे तर्कशास्त्राचे वचन त्या उटण्याच्या वाटीत प्रत्यक्ष सिद्ध होत असे.

फराळाचीही गोष्ट अशीच आहे. अनारशाचेच उदाहरण घ्यावे. तांदूळ तीन दिवस भिजवावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग फडक्यावर पसरून अर्धवट सुकवून कुटावयाचे, चाळावयाचे, गूळ घालून गोळा डब्यात मुरू द्यावयाचा. नंतर खसखशीवर थापून मंद आचेवर तळावयाचे, तेही उलटावयाचे नाही. इतके करूनही कढईत अनारसा हसला, म्हणजे विरून पसरला, की घरभर हसे होई. चकलीच्या भाजणीत तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, मुगाची डाळ, धणे, जिरे; प्रत्येक धान्य वेगळे भाजावयाचे, कारण प्रत्येकाचा खमंगपणा वेगळ्या क्षणी येतो. तो क्षण घड्याळ सांगत नाही, नाक सांगते. मराठी भाषेने त्या क्षणासाठी ‘खमंग’ हा अस्सल शब्द घडविला. त्याच्या अलीकडे ‘कच्चट’ आणि पलीकडे ‘करपट’. परिमळ, दरवळ, घमघमाट, खवट, कुबट, ओशट, आंबूस, उग्र : एवढी शब्दसंपत्ती ज्या भाषेत आहे त्या भाषेच्या स्त्रियांनी शतकानुशतके स्वयंपाकघरात नाकाने केवढा अभ्यास केला असेल!

येथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. कोणी म्हणेल, “बुवा, आम्हांला दिवाळीची आठवण मोती साबणाच्या वासाने येते. तो तर कारखान्यात होतो. नव्या दिवाळी अंकाच्या कोऱ्या कागदाच्या आणि शाईच्या वासानेही येते. मग घरी केलेल्याचाच एवढा आग्रह का?” हे खरे आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून छापखान्याचा वासही मराठी दिवाळीचा झाला. परंतु बारकाईने पाहावे. तो गोल साबण वर्षातून एकदाच आणला जाई. वडील तो बाजारातून आणीत, आई तो कपाटात कपड्यांत लपवून ठेवी, आणि पहिल्या आंघोळीच्या पहाटेच त्याचे वेष्टन फाटे. अंक एकच येई आणि तो आधी कोणी वाचावयाचा यावरून भावंडांत तंटा होई. म्हणजे वस्तू विकतची असली तरी तिच्याभोवती वाट पाहणे होते, वाटून घेणे होते, ती देणारा एक हात होता. आठवण मुरते ती या तीन गोष्टींत. तिळांना फुलांचा सहवास काही काळ घडावा लागतो. फूल नुसते दाखवून तीळ सुवासिक होत नाहीत.

या कसोटीवर आजच्या दिवाळीकडे पाहिले म्हणजे उणीव कोठे आहे ते कळते. चकली बारमाही मिळते, उटणे पुडीत मिळते, आणि मागविलेली वस्तू घटकाभरात दाराशी येते. वाट पाहणे संपले. आम्ही याबद्दल कोणास दोष देत नाही. शहरांत दोन खोल्यांचा संसार असतो, पतीपत्नी दोघेही सकाळी सातला घर सोडतात, गाडीच्या प्रवासात दोन-तीन तास जातात. त्या गृहिणीने रात्री बारापर्यंत कढईपुढे उभे राहावे, असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही कीर्तनकारास नाही. शिवाय विकतच्या फराळामागेही हात आहेतच. १९५९ साली गिरगावात सात भगिनींनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटावयास आरंभ केला आणि त्यातून लिज्जतचा मोठा गृहउद्योग उभा राहिला, हे सर्वश्रुत आहे. आज गावोगावच्या बचत गटांतील कितीतरी माउलींच्या घरची दिवाळी दुसऱ्यांच्या चकल्या करून उजळते. त्यांच्याकडून घेतलेला जिन्नस नैवेद्यास कमी प्रतीचा मुळीच नाही.

आमचे म्हणणे वेगळे आहे. पूर्वीच्या दिवाळीचा जो परिमळ आपण आठवतो, त्यात एका स्त्रीची पाठदुखी मिसळलेली होती, हे आपण विसरतो. पुरुष मंडळी ओसरीवर पाने कुटीत आणि चकली खुसखुशीत झाली की नाही याचा निवाडा देत. मुले डबे उघडीत. आणि ती मात्र चुलीच्या धुराने लाल झालेल्या डोळ्यांनी शेवटचा घाणा काढीत असे. तिची अभ्यंगाची पाळी बहुधा सर्वांत शेवटी, पाणी निवल्यावर. त्या दिवाळीची आठवण काढून उसासे टाकणाऱ्याने एवढे तरी ध्यानात घ्यावे. परंपरा जपावयाची म्हणजे तो भार पुन्हा एकीच्याच पाठीवर ठेवावयाचा, असे होत असेल तर तीत पुण्य थोडे आणि अन्याय फार. परंपरा जपावयाची असेल तर हात वाढले पाहिजेत. भाजणी भाजण्यास मुलगा का नसावा? करंजीचे कातण फिरविण्यास जावई का नसावा? नळराजाच्या पाकनैपुण्याची आणि बल्लवाचे रूप घेतलेल्या भीमाची कथा आम्ही कीर्तनात रंगवून सांगतो, श्रोते माना डोलवितात. मग घरी कढईजवळ उभे राहण्यात कोणत्या पुरुषाचा मान जाणार आहे?

आमच्या गावातील एका घरची हकीकत सांगतो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. श्रावणात त्या घरची गृहिणी आकस्मिक वारली. मागे पती, एक मुलगी आणि धाकटा मुलगा. आपल्याकडे अशा घरी पहिल्या दिवाळीस तळण होत नाही, गोडधोड होत नाही. शेजारीपाजारी आणि आप्त फराळ आणून देतात. त्याप्रमाणे वसुबारसेपासून त्यांच्या ओट्यावर डबे येऊ लागले. कोणी शब्द फार बोलत नसे. डबा ठेवावयाचा, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावयाचा आणि परतावयाचे. आम्ही भेटीस गेलो तेव्हा तो मुलगा एकेक झाकण उघडून हुंगत होता आणि हा चिवडा वरच्या काकूंचा, हा समोरच्या आजींचा, असे अचूक सांगत होता. सगळे डबे झाल्यावर तो थांबला. घरात आईच्या हातचा वास कोणत्याच डब्यात नव्हता, हे त्याला कळले आणि आम्हां सर्वांनाही. तेव्हा त्याची बहीण आत गेली आणि फडताळातून एक काचेची बरणी घेऊन आली. तळाशी मागल्या वर्षीचे, आईने केलेले उटणे शिल्लक होते. चतुर्दशीच्या पहाटे त्या गृहस्थांनी चिमूट चिमूट घेऊन दोन्ही मुलांच्या पाठीला ते स्वतः लावले. पुढील वर्षी ती मुलगी शेजारच्या आजींकडे जाऊन बसली आणि त्या उरल्यासुरल्या चिमटीचा वास त्यांना देऊन म्हणाली, “आजी, हे असे कसे करायचे, मला शिकवा.” आजींना प्रमाण साधण्यास तीन वेळा कुटावे लागले. आता त्या घरी दरवर्षी उटणे होते, आणि कुटण्याचे काम मुलाकडे आहे.

शेजाऱ्यांनी फराळ आणून देण्याची ही चाल ज्या समाजात आहे, त्याला करुणा शिकविण्यासाठी निराळा ग्रंथ नको. दुःखाच्या घरात चूल थंड असते म्हणून बाकीची घरे आपल्या चुलीचा वास तेथे नेऊन पोहोचवितात. परंतु विचार करा, की गल्लीत कोणाच्याच घरी काही होत नसेल, तर त्या घरी काय पोहोचवावयाचे? आपल्या घरचा एक घाणा हा केवळ आपल्यासाठी नसतो.

२०२० साली आलेल्या महामारीत आपण आणखी एक धडा घेतला. मार्चपासून मंदिरांची दारे मिटली होती. ती राज्यभर १६ नोव्हेंबर २०२० रोजी, पाडव्याच्याच मुहूर्तावर उघडली. त्या रोगात कित्येकांचे घ्राण काही दिवस, तर काहींचे काही महिने नाहीसे झाले. आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध वारकरी आजारातून उठले. अन्न खात होते, बळ येत होते, परंतु उदास राहत. “बुक्क्याला वास नाही, तुळशीला वास नाही; मी देवळात आहे की बाहेर, हेच कळत नाही,” असे ते म्हणत. एके दिवशी कपाळी बुक्का लावताना त्यांना अंधुकसा गंध आला आणि ते तेथेच बसून रडले. जे अखंड मिळते त्याचे मोल ते गेल्याखेरीज कळत नाही, हे आम्ही निरूपणात शेकडो वेळा सांगितले असेल. त्या दिवशी त्यांनी ते शिकविले.

कीर्तनात पूर्वरंग झाला की आख्यान लावावे लागते. या विषयाला सुदामदेवाच्या आख्यानाहून योग्य आख्यान नाही. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात ते आले आहे. मूळ ग्रंथात त्या ब्राह्मणाचे सुदामा हे नाव नाही. ते परंपरेने दिले. द्वारकेस जावयाचे, मित्रास काहीतरी न्यावयाचे, आणि घरात तर दाणा नाही. तेव्हा त्याची पत्नी शेजारी जाऊन चार मुठी पोहे मागून आणते आणि जुन्या वस्त्राच्या तुकड्यात बांधून देते. द्वारकेच्या वैभवात ती पुरचुंडी काढण्यास त्याला लाज वाटते. श्रीकृष्ण मात्र आधी त्याच्यापाशी सांदीपनी गुरूंच्या घरच्या आठवणी काढतो : गुरुपत्नीने सर्पणास धाडले होते, रानात वादळी पाऊस कोसळला, दोघे रात्रभर एकमेकांचा हात धरून भटकले. आठवण अशी जागी झाल्यावर मग देव विचारतो, माझ्यासाठी घरून काय आणलेस? ‘घरून’ हा त्या प्रश्नाचा प्राण आहे. सोन्याच्या नगरीत पोहे मिळत नव्हते असे नाही. परंतु त्या पुरचुंडीत एका पतिव्रतेचे हात होते, चार शेजारणींच्या मुठी होत्या आणि मैलोगणती पायपिटीचा घाम होता. देवाने एक मूठ मुखात घातली आणि दुसरी उचलली तेव्हा रुक्मिणीने हात धरला, कारण पहिल्या मुठीतच सर्व वैभव देऊन झाले होते.

आज आपली मुले द्वारकेहूनही दूर गेली आहेत. आश्विनात टपाल कचेऱ्यांतून आणि कुरिअरच्या दुकानांतून परदेशी फराळाचे खोके निघतात. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ सालची आहे. म्हणजे सातासमुद्रापलीकडे दिवाळी साजरी करणाऱ्या मराठी घरांच्या किती पिढ्या झाल्या! तो खोका परक्या देशात उघडला जातो तेव्हा चकल्यांचा निम्मा चुरा झालेला असतो. तरीही उघडणारा क्षणभर झाकणावर वाकतो आणि श्वास घेतो. जिलबी, चॉकलेट, केक, सर्व काही तेथे मिळते. त्याला हवी असते ती घरून आलेली मूठ.

म्हणून वाचकांपाशी आमची विनंती अगदी लहान आहे. सर्व फराळ घरी करावा असा आमचा आग्रह नाही. एकच पदार्थ ठरवावा, आपल्या कुलाचा, आपल्या आजीच्या हातचा. तो दरवर्षी घरी व्हावा, आणि तो घरातील सर्वांनी मिळून करावा. दोन शेर नको, एक घाणा पुरे. उटणे कुटण्यास वेळ नसेल तर पाच जिन्नस आणून मुलांच्या देखत मिसळावे. नागरमोथा म्हणजे काय, वाळा कशाचे मूळ, हे त्यांना हुंगून ओळखू द्यावे. घरात वडीलधारी स्त्री असेल तर तिचे प्रमाण आजच वहीत लिहून घ्यावे. ती ‘अंदाजाने’ म्हणेल. तिच्या मुठीचे वजन करून लिहावे. अंदाज माणसाबरोबर जातो, वही मागे राहते. अभ्यंगाच्या पहाटे, जी रोज सर्वांना वाढते तिच्या पाठीला पहिले तेल लागावे. आणि ज्या घरी यंदा दिवा मंद आहे, त्या घरी आपला डबा नैवेद्य झाल्याबरोबर पोहोचावा.

मुलांना आज हे सर्व कंटाळवाणे वाटेल. वाटू द्यावे. तिळांना तरी फुलांचा सहवास घडत असताना काय कळते? तीस वर्षांनी, एखाद्या दूरच्या गावी, कोणाच्या तरी खिडकीतून खमंग वास येईल, ती थबकतील आणि त्यांना आपले घर सापडेल. त्या दिवशी आपण असू किंवा नसू.

पाडवा झाला की आमच्या पंढरीस कार्तिकीच्या दिंड्यांचे वेध लागतात. एकादशीस येणाऱ्या भाविकांच्या शिदोरीत दिवाळीतील उरलेला चिवडा आणि लाडू असतात. चंद्रभागेच्या वाळवंटात त्या शिदोऱ्या सुटतात, अनोळखी माणसे एकमेकांच्या हातावर घास ठेवतात, आणि बुक्क्याच्या परिमळात शंभर गावांच्या स्वयंपाकघरांचे वास मिसळतात. ती दिवाळी वाचकांच्या घरून यंदाही पंढरीस यावी. सर्व वाचकांस दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. पांडुरंग सर्वांचे कल्याण करो.